पेस्टालॉझी : लहान मुलांचे गुरुजी

लहान मुलांच्या पहिल्या वर्गांत जाऊन बसलें असतां काय दृष्टीस पडतें? एक मूल चिंचोके मोजून दहादहांचे ढीग लावीत असतें. दुसरें पाटीवर आडव्या व उभ्या रेघा ओढीत असतें. कोणी अंगणांतून आणलेलें पान हातीं धरून त्याचा रंग व आकार सांगतें, तर कोणी ओल्या मातीचा डोंगर करून त्याच्या पायथ्याशीं नदी काढतें. हें पाहून कित्येक आईबापांस वाटतें कीं, आपलें मूल शाळेंत नुसतें खेळतें, त्यास पुस्तक कधीं येणार? कित्येक शिक्षकांसही ह्या कामांचें मर्म ठाऊक नसतें. ते तीं कशीबशीं उरकतात आणि पुन्हां घोकंपट्टीकडे वळतात. हीं साधीं कामें शाळेंत यावींत म्हणून ज्यांनीं आपला पैसा, शरीर व आयुष्य खर्चीं घातलें, त्या योहान हाइन्रिख पेस्टालॉझी यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

पेस्टालॉझी यांचा जन्म स्वित्झर्लंड देशांतील झुरिच शहरीं 12 जानेवारी 1746 रोजीं झाला. वडील शस्त्रवैद्य होते. ते 1751 सालीं वारले, तेव्हां हें मूल अवघें पांच वर्षांचें होतें. घरांत पैसा बेताचा होता. परंतु बाबेली नांवाच्या मोलकरणीनें मरणोन्मुख धन्यास वचन दिलें होतें कीं, मी ह्या कुटुंबास सोडून जाणार नाहीं, आणि तें तिनें पाळलें. आई व बाबेली ह्या दोघींच्या काटकसरीनें व मायेनें मुलें वाढलीं. पुढें पेस्टालॉझी यांनीं आपल्या सर्व शिक्षणाचा पाया आईच्या मांडीवर ठेविला, त्याचें बीज येथें असावें असें आम्हांस वाटतें. त्यांचे आजोबा झुरिचजवळच्या एका खेड्यांत पाळक होते. त्यांजबरोबर हा मुलगा गरिबांच्या झोंपड्यांत व गांवच्या शाळेंत फिरे. गरिबांचें दुःख त्याच्या मनांत बालपणींच शिरलें तें कायमचें.

आजोबांप्रमाणें धर्मोपदेशक व्हावें हा त्यांचा पहिला विचार मागें पडला. 1769 सालीं अ‍ॅना शुल्टेस हिजबरोबर त्यांचें लग्न झालें व बिर गांवाजवळ जमीन घेऊन त्यांनीं शेती आरंभिली. त्या जागेस त्यांनीं नॉयहोफ असें नांव दिलें. मंजिष्ठाची लागवड केली, ती साधली नाहीं. कर्ज मात्र वाढलें. अशा अडचणींत दुसरा कोणी हात आंखडता घेता, परंतु ह्यांनीं 1774 च्या सुमारास भिकेस लागलेलीं मुलें आपल्या घरीं आणिलीं. मुलें शेतांत राबत, कापूस कांतीत, कापड विणीत, आणि हात चालू असतांच तोंडानें धडे म्हणत. मुलांच्या कमाईवर शाळा चालेल हा त्यांचा हिशेब चुकला. 1780 सालीं शाळा बंद पडली व पत्नीचें धनही त्यांत गेलें.

येथें एक खेदाची गोष्टही सांगितली पाहिजे. त्यांस 1770 सालीं झालेला एकुलता एक मुलगा होता. निसर्गच मुलास शिकवील ह्या त्या काळच्या नव्या मतावर त्यांनीं इतका भार टाकिला कीं, मुलगा दहा वर्षांचा होऊन गेला तरी त्यास नीट लिहितां वाचतां येईना. पुढें तो आजारी राहिला व 1801 सालीं वारला. मूल मोकळें सोडणें म्हणजे शिकवणें नव्हे, हा धडा पेस्टालॉझी यांस फार महाग पडला.

1781 सालीं त्यांनीं लिनहार्ड व गर्ट्रूड यांची गोष्ट लिहिली व ती पुष्कळ लोकांनीं वाचिली. गर्ट्रूड ही खेड्यांतील एका गवंड्याची बायको. ती आपल्या मुलांस घरच्या घरीं शिकविते. सूत कांततांना धागे मोजावयाचे, खोलीच्या ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पावलें मोजावयाचीं, खिडकीच्या कांचा मोजून बेरीज करावयाची. असें तिचें गणित. अशा शाळेस पैसा लागत नाहीं, लक्ष लागतें.

परंतु त्यांची खरी कसोटी पुढेंच होती. 1798 सालीं फ्रेंच फौजा स्वित्झर्लंडांत शिरल्या. निडवाल्डन प्रांतानें नव्या राज्यव्यवस्थेस विरोध केला, म्हणून 9 सप्टेंबर रोजीं फौज त्यावर चालून गेली. शेंकडों माणसें मेलीं, शेंकडों घरें जळालीं व स्टान्स गांवाभोंवतालचीं पुष्कळ मुलें पोरकीं झालीं. त्या मुलांसाठीं सरकारनें आश्रम काढिला व तें काम पेस्टालॉझी यांनीं आनंदानें पत्करिलें. तेव्हां ते वयाच्या 53व्या वर्षांत होते.

मठाच्या इमारतींत गवंड्यांचें काम अपुरें असतांच मुलें येऊं लागलीं. कोणाच्या अंगावर खरूज, कोणाच्या कपड्यांत उवा; कोणी हाडांचे सांपळे, तर कोणी भीक मागून निर्ढावलेलीं. दहांत एकासही मुळाक्षरें धड येत नव्हतीं. मदतीस घरकाम पाहणारी एक बाई, बाकी सर्व एकट्यानें करावयाचें. शिवाय गांव कॅथॉलिक व गुरु प्रॉटेस्टंट. त्यांतून ज्या सरकाराविषयीं लोकांच्या मनांत जळजळ होती त्यानेंच धाडलेला माणूस. कित्येक नातलग मुलास नवे कपडे मिळतांच त्यास घेऊन चालते होत.

पेस्टालॉझी यांनीं ह्या संशयास वादानें उत्तर दिलें नाहीं. ते मुलांबरोबर जेवीत, त्यांच्यांतच निजत, सर्वांच्या आधीं उठत व सर्वांच्या मागून अंथरुणावर पडत. मुलांचीं अंगें ते स्वतः धूत. लवकरच मुलांची संख्या सुमारें 80 झाली. पुस्तकें नव्हतीं व दुसरा शिक्षकही नव्हता. तेव्हां त्यांनीं एक युक्ति योजिली. ज्या मुलास एखादी गोष्ट आली, त्यास दोन लहानग्यांच्या मध्यें बसवावें; त्यानें दोघांच्या गळ्यांत हात टाकून आपणांस आलेलें त्यांस शिकवावें. गरजेंतून निघालेली ही युक्ति फार उपयोगी ठरली. शिकणारें मूल भीत नसे, आणि शिकविणाऱ्याचें ज्ञान पक्कें होई.

1799 च्या एप्रिलांत शेजारचें आल्टडॉर्फ गांव आगींत जळालें. तेव्हां त्यांनीं मुलांस जवळ बोलावून विचारिलें कीं, तेथील वीस मुलें येथें आणूं काय? त्यांनीं हेंही उघड सांगितलें कीं, आश्रमाचा पैसा थोडा आहे, तुम्हांस कमी खावें लागेल, काम अधिक करावें लागेल, आपले कपडेही त्यांस द्यावे लागतील. मुलांनीं एकमुखानें होकार दिला. ज्यांनीं काल भाकरीच्या तुकड्यासाठीं हात पसरिला होता, तींच आज आपला घांस दुसऱ्यास देण्यास तयार झालीं. दयेवर शंभर पाठ देऊन जें साधलें नसतें तें त्या एका प्रश्नानें साधलें. परंतु जून महिन्यांत फौजेस जखमींसाठीं ती इमारत हवी झाली व आश्रम मोडला. सहा महिनेही पुरे झाले नव्हते. पेस्टालॉझी यांच्या छातींतून रक्त पडूं लागलें होतें. विश्रांतीसाठीं त्यांस डोंगरांत जावें लागलें.

थोडें बरें वाटतांच त्यांनीं बुर्गडॉर्फ गांवीं कनिष्ठ प्रतीच्या शिक्षकाची जागा मागितली. जोडे शिवण्याचा धंदा करून शाळा चालविणाऱ्या एका मास्तराच्या वर्गांत त्यांस थोडीं मुलें मिळालीं. तेथें प्रश्नोत्तरावली व स्तोत्रें पाठ करविण्याची वहिवाट होती. नव्या मास्तराच्या हातीं पुस्तक दिसेना, तेव्हां आईबाप रागावले व त्यांस तेथून निघावें लागलें. मग अगदीं लहान मुलांच्या शाळेंत त्यांस जागा मिळाली, आणि तेथें त्यांची पद्धति आकारास आली.

त्या वर्गांत काय चाले तें पाहूं. भिंतीवर जुना, फाटका कागद लाविलेला होता. गुरुजी विचारीत, तेथें काय दिसतें? मुलें सांगत, कागदास भोंक आहे. मग तें लांब आहे कीं गोल, त्यामागें काय दिसतें, असें एकेक निरखून मुलें पुरीं वाक्यें बोलूं लागत. हातांत पाटी व पेन्सिल असे; बोलतांना रेघ, कोन व चौकोन काढावयाचे, व हात वळला म्हणजे अक्षरें. गणित खड्यांनीं व दाण्यांनीं. तीन खडे हातांत घेतल्यावांचून तीन हा आंकडा नाहीं. पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं सुटीं अक्षरें जुळवून वाचन. एकदां खिडकीचें चित्र दाखवून पाठ चालला असतां, खरी खिडकी समोर असून चित्र कशाला, असें एका मुलानें विचारिलें, आणि तें बरोबर बोलतें असें म्हणून गुरुजींनीं चित्रें बाजूस ठेविलीं, असें सांगतात. आधीं वस्तु, मग तिचें नांव, मग अक्षर. जवळचें आधीं, दूरचें मागून. डोकें, हृदय व हात तिन्हींची वाढ बरोबर, हें त्यांच्या शिकवणीचें सार होय. 1800 सालीं परीक्षकांनीं मुलांची प्रगति पाहून प्रशंसा केली. 1801 सालीं त्यांनीं आपली पद्धति एका ग्रंथांत मांडिली व त्या ग्रंथासही गर्ट्रूडचेंच नांव दिलें.

1805 पासून वीस वर्षें इव्हर्डन येथील वाड्यांत त्यांची शाळा होती. तेथें भूगोल शिकवितांना मुलांस जवळच्या खोऱ्यांत नेत. मुलें चढउतार पाहत व परततांना तेथलीच माती आणीत. मग मेजावर त्या मातीचें खोरें करीत, आणि तें जमल्यावरच त्यांस नकाशा दाखवीत. दूरदूरच्या देशांतून लोक ही शाळा पाहण्यास आले. फ्रोबेल तेथें 1808 पासून 1810 पर्यंत राहिले व पुढें त्यांनीं बालोद्यानाची कल्पना जगास दिली. इंग्लंडचे चार्ल्स मेयोही तेथें शिकवीत होते. त्यांनीं ही रीत आपल्या देशांत नेली. मराठींत जो वस्तुपाठ शब्द आहे, तो ह्याच रीतीच्या पाठाचें नांव होय.

असें असतांही शेवट सुखाचा झाला नाहीं. 1815 सालीं पत्नी वारली. शिक्षकांत भांडणें लागलीं, आणि 1825 सालीं शाळा बंद झाली. पद्धतींतही दोष शिरला होता. आंकड्यांचे तक्ते व शब्दांच्या याद्या मुलें ओरडून म्हणूं लागलीं, म्हणजे जी घोकंपट्टी घालविण्यास ते निघाले तीच मागील दारानें परत आली. म्हातारे पेस्टालॉझी नॉयहोफास परतले व 17 फेब्रुवारी 1827 रोजीं ब्रुग येथें वारले. बिर गांवीं शाळेपाशीं त्यांस पुरलें.

शिक्षकबंधुभगिनींनो, ह्या चरित्रांतून एवढें घ्यावें. चिंचोके, खडे, पान व माती ह्यांस पैसा पडत नाहीं, व तीं प्रत्येक खेड्यांत आहेत. परंतु चिंचोके मांडूनही मुलें केवळ आंकडे ओरडत असतील, तर तीही घोकंपट्टीच. मूल पाहतें काय, हातानें करतें काय व तें स्वतःच्या शब्दांत सांगतें काय, हें रोज पाहावें. आणि सर्वांच्या आधीं मुलाचा भरंवसा मिळवावा; स्टान्सच्या पोरक्या मुलांस तो पुस्तकावांचूनही मिळाला होता. आईबापांसही आमची विनंति आहे कीं, मूल घरीं येऊन मातीच्या डोंगराची गोष्ट सांगूं लागलें, म्हणजे हातांतलें काम क्षणभर ठेवून ती ऐकावी. त्याचें पुस्तक तेथूनच उघडूं लागलेलें असतें.