देवाच्या दारातील लेकींची कैवारी : डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

श्रींच्या कृपेने आणि ग्रामस्थांच्या हातभाराने आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार तडीस गेला आहे. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत दूरच्या मद्रासमधील एका डॉक्टरबाईंचे चरित्र कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण सरळ आहे. जीर्ण होतात ती केवळ मंदिराची तुळई आणि कौले नव्हेत. देवाच्या नावाने चालत आलेल्या रूढींनाही वाळवी लागते. ती वाळवी ओळखून काढण्याचे काम ज्यांनी कायद्याच्या मार्गाने केले, त्यांत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे नाव फार वरचे आहे. यल्लम्माच्या जोगतिणी आणि खंडोबाच्या मुरळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या आपल्या लोकांना ही कथा परकी वाटू नये.

मुथुलक्ष्मींचा जन्म 30 जुलै 1886 रोजी दक्षिणेतील पुदुक्कोट्टै या छोट्या संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्य, जातीने ब्राह्मण. आई चंद्रम्माळ या मात्र देवळात नृत्यगायनाची सेवा करणाऱ्या देवदासींच्या समाजातील. हा संबंध वडिलांच्या आप्तांना मानवला नाही आणि घराला बहिष्कृतासारखे दिवस काढावे लागले. आईच्या माहेरची माणसे मुलीला जवळची होती. त्यामुळे त्या समाजातील बायकांचे आयुष्य कसे जाते, हे तिला पुस्तकात वाचावे लागले नाही.

मुलगी बुद्धीने तल्लख होती. वडिलांनी तिला घरी शिकवून मॅट्रिकपर्यंत नेले. पुढे कॉलेजात जायचे, तर ते कॉलेज मुलांचे. मुलगी वर्गात आली तर आपली मुले काढून घेऊ, असा सूर पालकांनी लावला. परंतु तेथील महाराज मार्तंड भैरव तोंडैमान यांनी विरोध बाजूला सारून तिला प्रवेश देण्याची आज्ञा केली. बंद गाडीतून कॉलेजात जायचे आणि पडद्याआड बसून धडे ऐकायचे, असे तिचे शिक्षण झाले. 1907 मध्ये तिने मद्रास मेडिकल कॉलेजात नाव घातले आणि 1912 मध्ये ती उत्तम गुणांनी डॉक्टर झाली. त्या काळी सरकारी इस्पितळात हाऊस सर्जन म्हणून काम करणारी स्त्री ही मद्रासला नवलाचीच गोष्ट होती.

1914 मध्ये त्यांचा विवाह डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी झाला. आपल्याला बरोबरीने वागवावे आणि आपल्या कामात आडकाठी करू नये, एवढीच अट त्यांनी घातली होती. पतीने ती शेवटपर्यंत पाळली. संसार, दोन मुलगे आणि रोग्यांची रीघ यांत पुढची वर्षे गेली. मध्यंतरी त्यांची बहीण कर्करोगाने गेली. स्वतः डॉक्टर असून तिला वाचवता आले नाही, ही बोच त्यांच्या मनात कायमची राहिली. 1925 मध्ये स्त्रिया व मुले यांच्या आजारांचा अभ्यास करण्यासाठी त्या विलायतेला गेल्या.

त्या परत आल्या त्या सुमारास मद्रास इलाख्यात एक महत्त्वाचा बदल झाला. तेथील स्त्रियांना मताचा हक्क 1921 मध्येच मिळाला होता. आता कायदे कौन्सिलात सभासद होण्याची वाटही मोकळी झाली. सभासदत्वासाठी भारतीय महिला संघाने मुथुलक्ष्मींचे नाव पुढे केले. दवाखाना मागे पडेल म्हणून त्या प्रथम कचरल्या, पण घरच्यांनी धीर दिला. 1926 च्या अखेरीस सरकारने त्यांची मद्रास कायदे कौन्सिलवर नेमणूक केली. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदेमंडळात बसलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. पुढच्याच वर्षी सभागृहाने त्यांना एकमताने उपाध्यक्ष निवडले.

डॉक्टरबाई सभागृहात शोभेसाठी बसल्या नाहीत. शाळेतील मुलामुलींची वैद्यकीय तपासणी व्हावी, मुलांसाठी वेगळे इस्पितळ असावे, मुलींच्या शिक्षणाला सरकारने मदत द्यावी, अशी मागणी त्यांनी वारंवार मांडली. कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींचे हाल त्यांनी प्रसूतिगृहात पाहिले होते. म्हणून लग्नाचे वय वाढवण्याचा आग्रह त्यांनी धरला. 1929 मध्ये शारदा कायदा होऊन मुलीचे वय 14 व मुलाचे 18 ठरले, त्यामागे देशभर ज्यांनी लोकमत तयार केले त्यांत त्याही होत्या. कुंटणखान्यांना आळा घालणारा 1930 चा मद्रासचा कायदाही त्यांच्या खटपटीचे फळ होते.

परंतु त्यांचे खरे कार्य देवदासींचे. ते समजण्यासाठी या रूढीची घडण पाहिली पाहिजे. मोठ्या देवळांतून देवासमोर नाचण्यागाण्याच्या सेवेबद्दल काही घराण्यांना जमीन लावून दिलेली असे. आपल्याकडे गुरव, पुजारी यांना देवस्थानची इनाम जमीन असते, तसाच हा प्रकार. सेवा चालू तोवर जमीन आपली. सेवा खंडली की जमीन गेली. आता देवदासीची सेवा पुढे चालवायची कोणी? तर तिच्या मुलीने किंवा दत्तक घेतलेल्या मुलीने. म्हणजे घरचे शेत राखायचे, तर प्रत्येक पिढीत एक लेक देवाला वाहणे आले. तिच्या गळ्यात देवाच्या नावाचे मंगळसूत्र बांधले जाई. देवाची वधू म्हणून तिला मान मिळे, पण माणसाची बायको होण्याचा मार्ग बंद होई. आणि मग गावातील धनवान पुरुषांचा आश्रय हेच तिच्या वाट्याला येई.

नोव्हेंबर 1927 मध्ये डॉक्टरबाईंनी, मुली देवाला वाहण्याची प्रथा सरकारने कायद्याने बंद करावी, असा ठराव कौन्सिलात मांडला आणि तो मंजूर झाला. त्याच वर्षी महात्मा गांधी मद्रास इलाख्यात आले होते. त्यांनीही या प्रथेविरुद्ध उघड मत दिले. पण नुसत्या ठरावाने शेताची गाठ सुटणार नव्हती. चांगला वैद्य ज्वर उतरवून थांबत नाही, ज्वराचे मूळ शोधतो. येथे मूळ जमिनीत होते. म्हणून त्यांनी हिंदू धर्मादाय कायद्यात दुरुस्ती सुचवली आणि 1929 मध्ये ती संमत करून घेतली. तिचा मथितार्थ असा की देवदासीकडील इनाम जमीन सेवेच्या अटीतून मोकळी व्हावी. ठरलेला आकार भरून ती तिच्याकडेच राहावी. आता शेत राखण्यासाठी लेक वाहण्याचे कारण उरले नाही. कोणाच्या तोंडचा घास न काढता रूढीचा पाया काढून घेणारी ही दुरुस्ती होती.

यानंतर मुली वाहणे हाच गुन्हा ठरवणारे विधेयक त्यांनी 1930 मध्ये आणले. त्याला विरोध झाला. सत्यमूर्ती यांच्यासारखे नामांकित देशभक्तही परंपरेच्या बाजूने उभे राहिले. पण त्याहून कठीण विरोध खुद्द देवदासींचा होता. त्यांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केले. त्यांत बंगलोर नागरत्नम्मा ही थोर गायिका होती. तंजावरच्या मराठे राजांच्या दरबारात मान मिळवलेल्या मुद्दुपळणी या गणिकेचे तेलुगू काव्य तिनेच 1910 मध्ये पुन्हा छापून आणले होते. आणि तिरुवैयारू येथे संत त्यागराजांच्या समाधीवर स्वतःच्या कमाईतून मंदिर बांधले होते. आम्ही विद्येवर जगणाऱ्या स्त्रिया आहोत, सगळ्यांना सरसकट कुलटा ठरवू नका, असे या मंडळींचे म्हणणे होते.

ते म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी नृत्य, गायन आणि अभिनय जपला, त्यांच्या हातची कला पुढे दुसऱ्यांच्या घरी गेली आणि मान दुसऱ्यांना मिळाला. डॉक्टरबाईंनी या हानीचा विचार पुरेसा केला नाही, असे म्हणणारे आजही आहेत. त्यांच्या भाषेत कठोरपणा होता, हेही खरे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर यशाला पोचलेली गायिका नव्हती. दवाखान्यात आलेली आजारी पोर होती. नागरत्नम्मा एखादीच होई. ज्यांचा आवाज कोणी ऐकला नाही अशा मुली असंख्य होत्या, आणि गळ्यात मंगळसूत्र बांधताना त्या पोरींना कोणी विचारले नव्हते. चरित्र वाचताना या दोन्ही बाजू वाचकांनी मनात ठेवाव्यात.

विधेयक लोकमतासाठी पाठवले गेले असतानाच मिठाचा सत्याग्रह पेटला आणि गांधीजींना अटक झाली. त्याच्या निषेधार्थ 1930 मध्ये मुथुलक्ष्मींनी कौन्सिलच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. आपले सर्वांत लाडके विधेयक अर्धवट राहणार, हे त्यांना दिसत होते. चार वर्षांचीही कारकीर्द पुरती झाली नव्हती. तरीही त्यांनी खुर्ची सोडली.

खुर्ची सुटली, काम सुटले नाही. त्याच सुमारास देवदासींच्या घरातून निघालेल्या काही मुली त्यांच्या दाराशी आल्या. वसतिगृहांनी त्यांना जागा नाकारली होती. बाईंनी त्यांना घरात घेतले. त्यातून तमिळ कवयित्री अव्वैयार हिच्या नावाने अव्वै होम ही संस्था उभी राहिली. निराधार मुलींना निवारा, शिक्षण आणि पोटापाण्याचा व्यवसाय देण्याचे काम तिने केले. कायद्याने दार उघडले तरी बाहेर पडलेल्या मुलीने जायचे कोठे, याचे उत्तर बाईंनी स्वतःच्या घरापासून दिले.

आणि विधेयक? ते 1947 मध्ये मद्रास कायदेमंडळाने संमत केले. सतरा वर्षे त्यासाठी वाट पाहावी लागली. मुंबई इलाख्याने असा कायदा 1934 मध्येच केला होता. पण कायदा झाला म्हणजे रूढी मेली असे नाही. कर्नाटकाला 1982 मध्ये आणि महाराष्ट्राला 2005 मध्ये पुन्हा नवे कायदे करावे लागले, यावरून काय ते समजावे.

उतारवयात त्यांनी बहिणीचे ऋण फेडले. कर्करोगाचे इस्पितळ काढायचे म्हटल्यावर प्रथम सरकार दरबारी उत्साह दिसला नाही. बाई झोळी घेऊन फिरल्या. 1952 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यार येथे कोनशिला बसली आणि 1954 मध्ये अवघ्या 12 खाटांवर इस्पितळ सुरू झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. शांता यांनी ते पुढे वाढवले. आज देशभरातून रोगी तेथे येतात. भारत सरकारने 1956 मध्ये बाईंना पद्मभूषण दिले. 22 जुलै 1968 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षात, त्यांनी देह ठेवला. गरोदर स्त्रियांना साहाय्य देणाऱ्या तमिळनाडू सरकारच्या योजनेला आज त्यांचेच नाव आहे.

वाचकहो, मुथुलक्ष्मींनी देवळाचा एक चिराही हलवला नाही. देवाच्या पूजेत, उत्सवात, नंदादीपात कशालाही त्यांचा हात लागला नाही. देवळाच्या नावावर एका लेकीचे आयुष्य गहाण पडत होते, ते तेवढे त्यांनी सोडवून आणले. आपल्या मंदिराचा कळस आता नवा झाला आहे. त्याच्या सावलीत येणारी प्रत्येक लेक मोकळ्या मनाने यावी, नमस्कार करावा आणि मोकळ्या पायांनी घरी परतावी, एवढेच मागणे श्रीचरणी आहे.