थेंबामागचा माणूस

रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहताना मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले एक बाबा डोळ्यात थेंब घालून घेत होते. ऑपरेशननंतरची सूज आवरणारे असे थेंब बहुधा स्टेरॉइडचेच असतात. त्या वेळी आम्हाला डॉ. पर्सी ज्युलियन आठवले.

१८९९ साली अमेरिकेतील माँटगोमेरी येथे जन्मलेले हे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ गुलामाचे नातू. डीपॉ विद्यापीठाने वसतिगृहात जागा दिली नाही. तरी १९२० साली ते तिथे पहिले आले. १९३५ साली त्यांनी काचबिंदूवरचे फायसोस्टिग्माइन प्रयोगशाळेत बनवले. तरीही त्या विद्यापीठाने प्राध्यापकपद नाकारले.

बैलाच्या पित्तापासून बनणारे कॉर्टिसोन तेव्हा भलतेच महाग होते. ज्युलियन यांनी सोयाबीनमधील द्रव्यापासून हायड्रोकॉर्टिसोनकडे जाणारा स्वस्त मार्ग काढला. त्याच सुमारास, १९५० साली, शिकागोजवळचे त्यांचे नवे घर जाळण्याचा प्रयत्न झाला. १९५१ साली घरावर डायनामाइट फेकले गेले. त्यांनी घर सोडले नाही. १९७५ साली त्यांचे निधन झाले.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहत्या जागेतून हुसकावले गेले. म्हणूनच ज्युलियन आम्हाला परके वाटत नाहीत. वर्ण आणि जात पाहून दार लावणाऱ्यांच्या डोळ्यांनाही हेच औषध लागते! आपल्या मुलामुलींना प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेणे, हेच आता आपले काम.