ल्यूथर व सैतानाचे हल्ले

बादशहापुढें जो डगमगला नाहीं तो मार्टिन ल्यूथर रात्रीं अंथरुणांत भयानें व्याकुळ होत असे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. तो १४८३ सालीं जर्मनींतील आइस्लेबेन गांवीं जन्मला. घरांत चेटकाची धास्ती इतकी कीं, आई एका शेजारणीला चेटकीण समजून भिऊन असे. १५०५ सालीं वाटेंत जवळच वीज कोसळली, तेव्हां घाबरून त्यानें संत आन्नेला नवस केला व तो मठांत शिरला. उपास, जागरणें, पापांगीकार, सर्व केलें. भय मात्र वाढतच गेलें. अखेरीस स्टाउपिट्झ नामक वडील मठवाशानें त्याची दृष्टि ख्रिस्ताच्या जखमांकडे लाविली.

१५२१ सालीं वर्म्सच्या सभेनंतर त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून राहावें लागलें. तेथें एका रात्रीं जिन्यावरून पिंपें गडगडत येत आहेत असा आवाज झाला. उठून पाहतो तों कोणी नाहीं. त्यानें आपणांस प्रभु ख्रिस्ताच्या हातीं सोंपविलें व तो पुन्हां निजला. सैतानावर त्यानें दौत फेंकली असें सांगतात, पण ती मागाहूनची दंतकथा होय. शाईचा खरा उपयोग त्यानें असा केला कीं, तेथेंच सुमारें ११ आठवड्यांत नव्या कराराचें जर्मन भाषांतर लिहून काढलें.

तथापि आवाजांचा हल्ला त्याला हलका वाटे. तूं पापी आहेस, तूं पुष्कळांना भुलविलेंस, देवानें तुला टाकिलें आहे, असा जो आरोप मनांत उठे तो त्याला जड जाई. १५२७ च्या जुलै महिन्यांत असेंच झालें. सकाळीं त्यानें पाळक बुगेनहागेन ह्यांस बोलावून त्यांच्यापुढें पापें कबूल केलीं. संध्याकाळीं कानांत घणघण होऊन तो कोसळला व बायकोमुलाला देवाच्या हातीं देऊं लागला. ह्या दुखण्यांतही त्याला सैतानाचा हात दिसे. येथें आम्ही त्याच्याशीं पूर्ण सहमत नाहीं. घेरी व कानांतला नाद हा शरीराचा विकार असतो, त्याला औषध पाहिजे. ल्यूथरानेंही वैद्य वर्ज्य केला नाहीं. पुढें विटेनबर्गांत मरी आली, विद्यापीठ येना येथें गेलें, पण तो दुखणेकऱ्यांसाठीं तेथेंच राहिला, आणि मित्रांना पत्रें लिहून आपणासाठीं प्रार्थना करा म्हणून विनवीत राहिला. एवढा मोठा शिक्षक, पण एकट्यानें झुंजण्याची फुशारकी त्यानें मारिली नाहीं!

१५३० सालीं त्याच्या मुलांचा शिक्षक हिएरोनिमस वेलर हा खिन्नतेनें पछाडला. ल्यूथरानें त्याला कळविलें कीं, एकांत टाळ. चार माणसांत बस, बोल, हंस. सैतानाशीं वाद घालूं नको, त्याला तुच्छ मान. तो पाप दाखवील तर पाप नाकारूं नको, ख्रिस्तानें तें फेडलें आहे हें सांग. स्वतः ल्यूथर अशा वेळीं आपला बाप्तिस्मा झाला आहे ह्याचें स्मरण करी. गंडा, ताईत किंवा अंगारा ह्यांचें त्या पत्रांत नांवही नाहीं. वेलर पुढें फ्रायबर्ग येथें देवशास्त्र शिकवीत राहिला व १५७२ सालीं वारला. म्हणजे ल्यूथराच्या मागें तो २६ वर्षें जगला.