दांडीच्या वाटेवरील गायक

पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. 1918 साली ते साबरमतीच्या आश्रमात गेले व तेथील प्रार्थनेला त्यांनी सूर दिला. 1930 च्या आरंभी आश्रमात देवीची साथ आली आणि तीत त्यांचा लहान मुलगा दगावला. घर शोकात बुडाले होते. तथापि मिठाचा अन्यायी कायदा मोडण्यासाठी 12 मार्च रोजी गांधीजी समुद्राकडे पायी निघाले, तेव्हा त्यांच्या 78 सोबत्यांत पंडितजीही होते. उन्हातान्हात चालून मंडळींचे पाय सुजत. परंतु प्रार्थना कधी चुकली नाही, आणि भजन म्हणावयाचे ते पंडितजींनीच. पुत्रशोक पोटात ठेवून गाणे किती कठीण असेल! सुमारे 240 मैल चालून 5 एप्रिलला सारे दांडीस पोहोचले.