खेचराच्या पाठीवरचे ऑपरेशन थिएटर

गडचिरोलीच्या जंगलात जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरने नागपुरात आणल्याच्या बातम्या विदर्भातल्या माणसाने किती तरी वेळा वाचल्या आहेत. रक्त वाहत असते आणि रस्त्याने जायचे तर कित्येक तास लागणार असतात. अशी बातमी वाचली की मला हटकून डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. त्यांच्या आघाडीवर हेलिकॉप्टर नव्हते. जखमी येऊ शकत नाही ना, मग डॉक्टरनेच त्याच्याकडे जायचे!

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. त्यात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आज किती नागपूरकरांना ठाऊक असेल? ते आधी परतले. कोटणीस मात्र राहिले. वडील वारल्याची बातमी आली, तरीही राहिले.

उत्तर चीनच्या त्या डोंगराळ मुलखात मोटारीचा रस्ता म्हणावा असा नव्हताच. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून यांनी तिथे एक रीत घालून दिली होती: शस्त्रक्रियेचे सारे सामान खेचरावर लादायचे आणि लढाईच्या जवळ एखाद्या झोपडीत किंवा देवळात टेबल मांडायचे. शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकी माणूस वाचण्याची आशा जास्त, हा साधा हिशेब त्यामागे होता. आजची हवाई रुग्णवाहिका धावते तीही याच हिशेबावर. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून बेथून १९३९ मध्ये गेले. कोटणीसांनी त्यांचेच काम उचलले. १९४० च्या एका लढाईत ते सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया करीत होते, असे सांगतात. पुढच्याच वर्षी बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले इन-ह्वा, म्हणजे भारत-चीन. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे ३२.

शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने ते घराघरांत पोहोचले. त्याच्या दोनच वर्षे आधी, एप्रिल १९४४ मध्ये, ब्रह्मदेशाच्या जंगलातून एका अमेरिकन हेलिकॉप्टरने जखमी सैनिकांना पहिल्यांदा उचलून आणले होते. कोटणीसांना जाऊन तेव्हा सोळा महिने झाले होते.