रावळगावचे शेठ वालचंद

अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले जुने गाव. तेथील बाजारात एखादे मूल चॉकलेट मागते, तेव्हा दुकानदार बहुधा कागदात गुंडाळलेली साखरेची गोळी त्याच्या हातावर ठेवतो. यात फसवणूक मुळीच नाही. कागदातल्या साऱ्याच गोळ्यांना चॉकलेट म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे पडून गेला आहे.

वस्तुतः चॉकलेट होते ते कोको नावाच्या झाडाच्या बियांपासून. मेक्सिकोतील प्राचीन लोक या बिया वाटून त्यांचे कडू पेय करीत व त्यात मिरचीही घालीत. बाजारात याच बिया नाण्यांप्रमाणे चालत! स्पेनच्या लोकांनी त्या पेयात साखर मिसळली आणि १८४७ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी फ्राय यांच्या कारखान्यात चॉकलेटची घट्ट वडी तयार झाली. परंतु कोकोतील चरबी सुमारे ३४ अंश सेल्सिअसलाच वितळते. वऱ्हाडात वैशाखात पारा ४४ अंशांवर चढतो. तेथे ही वडी मुलांच्या खिशात टिकावी कशी? साखरेची गोळी फार तर चिकट होते, वितळून जात नाही. अशा गोळ्यांना महाराष्ट्रात घरोघरी पोहोचविणारा एक कारखाना ज्यांनी उभारला, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचे हे चरित्र आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातेतील व जैन धर्माचे होते. आई त्यांच्या जन्मानंतर लवकरच वारली. घरचा धंदा सावकारीचा व कापसाच्या व्यापाराचा. पण तो वालचंदांना रुचला नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी लोहमार्ग बांधण्याची कंत्राटे घेतली. प्रारंभ बार्शीच्या छोट्या रेल्वेने झाला.

पुढे त्यांनी समुद्राकडे दृष्टी वळविली. सागरी वाहतूक तेव्हा इंग्रज कंपन्यांच्या मुठीत होती. अशा वेळी वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिची लॉयल्टी ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

ज्या मनुष्याच्या बोटी समुद्रावर चालत, त्याने माळरान विकत घ्यावे, याचे अनेकांना नवल वाटले असेल. १९२३ साली नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे वालचंदांनी सुमारे १,५०० एकर जमीन मिळविली. जमीन खडकाळ व ओसाड होती. तेथे ऊस पिकविण्याचा त्यांचा विचार होता. आपल्या देशात ऊस पिके, गूळही होई. पण पांढरी साखर मात्र बव्हंशी जावा बेटातून बोटींनी येत असे. रावळगावी इंजिनियर व रसायनतज्ज्ञ नेमून जमीन लागवडीखाली आणण्याचे काम सुरू झाले. साखरेचा कारखाना उभा राहीपर्यंत दहा वर्षे लोटली. सावकाराच्या हिशेबाने पाहू गेल्यास इतके दिवस धीर धरणे हे शहाणपणाचे नव्हते. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली आणि १९३३ साली रावळगावात साखर निघू लागली.

वालचंदांचे मन आता विमानांकडे धावले. १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. पण महायुद्ध भडकताच सरकारने १९४२ साली तो आपल्या ताब्यात घेतला. योगायोग असा की, त्याच १९४२ साली रावळगावी गोळ्या तयार होऊ लागल्या. विमानांपुढे गोळीचे काय मोल, असे कोणालाही वाटेल.

पण गोळी करणेही सोपे नसते. नुसता साखरेचा पाक निवला, की त्याचे पुन्हा खडे बनतात. म्हणून त्यात ग्लुकोजचा दाट रस मिसळतात व सुमारे १५० अंशांपर्यंत उकळून जवळजवळ सारे पाणी उडवून देतात. मग त्या लगद्यात रंग व स्वाद घालून तो ऊन असतानाच त्याच्या गोळ्या पाडतात. निवाल्यावर गोळी काचेसारखी नितळ व टणक होते. कागद लावला नाही, तर हवेतील ओल शोषून ती पाझरू लागते.

विशाखापट्टणम येथील वालचंदांच्या गोदीत बांधलेली जलउषा ही आगबोट १९४८ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आली. पुढे तीही गोदी सरकारकडे गेली. मोटारींचा प्रीमियर कारखाना त्यांनी १९४४ साली काढला होता. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी कामातून अंग काढून घेतले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे रावळगावच्या गोळ्यांना नवनवे स्वाद लाभले. पान पसंद ही गोळी तर मोठी माणसेही आवडीने चघळीत. कित्येक घरांत रावळगाव हे नाव गावाचे न राहता गोळीचेच होऊन बसले. २०२४ साली या गोळ्यांची नावे रिलायन्स उद्योगसमूहाने विकत घेतली.