आळ्याची समाधी आणि ज्ञानोबामाउली

।। श्री गुरुदेव दत्त ।।

आळेफाट्यापासून जवळच आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. जुन्नर-आंबेगावातल्या आपणा सर्वांना ती माहीत आहे. पण जनावराला समाधी कशासाठी, असे नातवाने विचारले की आपण चमत्कार सांगतो आणि थांबतो. खरे तर तिथून पुढेच विचार सुरू होतो.

ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ (इ. स. १२७५) मधला. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरुआज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून आळंदीकरांनी घर वाळीत टाकले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी मुलांची मुंज होईना. शुद्धिपत्रासाठी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही पोरकी भावंडे पैठणला गेली.

तिथे ज्ञानदेवांनी सर्वांभूती एकच आत्मा असल्याचे सांगितले. पखालीच्या रेड्याचे नावही ग्यानाच, मग तोच आत्मा याच्यात आहे का, असे कुणी खवचटपणे विचारले. रेड्यावर आसूड ओढले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. मग त्यांनी मस्तकी हात ठेवताच रेडा वेद बोलला, अशी परंपरा सांगते. हा रेडा भावंडांबरोबर निघाला आणि वाटेत आळ्याला त्याने देह ठेवला.

रेडा वेद बोलला याचे लोकांना नवल वाटते. मला ते वळ मोठे वाटतात. रेड्याचे मन आणि ज्ञानदेवांचे मन यांत केवढे अंतर! पण त्या मनांमागचा साक्षी एकच.

म्हणून ज्ञानदेवांना मन नव्हतेच, असे नाही. लोकांच्या निंदेने दुखावून ते एकदा ताटी लावून बसले. धाकट्या मुक्ताईने समजावले तेव्हा उठले. दुखावले ते मन. आत्म्याला कुठला अपमान?

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवाशाला त्यांनी गीतेवरची टीका पूर्ण केली. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत संजीवन समाधी घेतली. वय अवघे एकवीस.

आपल्या गुरुचरित्रातही अशीच कथा आहे. श्रीनृसिंहसरस्वतींनी एका पतिताला सात रेघा ओलांडायला लावल्या. त्याला मागचे जन्म आठवले, तो वेदही बोलला. अंगाचे भस्म धुतले गेले आणि सगळे विसरून तो बायकामुलांबरोबर घरी गेला. आठवण आली आणि गेली. ज्याला आठवले, तो कुठे गेला?

हा प्रश्न मला पोथीत नव्हे, घरात पडला. शेवटची दोन वर्षे आई मला ओळखत नव्हती. तू कुणाचा रे, असे विचारायची. मी फार रडलो. पण लगेच पुढे विचारायची, जेवलास का. नाव गेले, नाते गेले, माया राहिली. बँकेत मी जन्मभर पासबुके भरली. नोंदी पुसट झाल्या, पान फाटले, तरी खातेदार तोच असतो. एवढे साधे मला तेव्हा सुचले नाही.

घरात कुणाची आठवण हरपली असेल, तर त्यांच्याशी बोलणे सोडू नका. आणि आळ्याला गेलात तर त्या मुक्या जिवापुढे मस्तक ठेवा. आत कोण आहे, ते माउलींनी दाखवून ठेवले आहे.

।। अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ।।